मांजराच्या पोटातील केसांचा गोळा : धास्ती नको, दुर्लक्षही नको

चंद्रपूर : ताडोबाच्या जंगलात वाघाची विष्ठा सापडली, की त्याने चितळ खाल्ले की रानडुक्कर, हे त्यातील केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून अभ्यासक सांगू शकतात. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. ते पोटात पचत नाहीत आणि जसेच्या तसे बाहेर पडतात. घरात पाळलेल्या मांजराच्या बाबतीतही हेच घडते. मात्र गिळलेले केस पुढे सरकले नाहीत, तर जठरात त्यांचा गोळा तयार होतो.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. हे काटे टोकाशी पोकळ असून त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, असे अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. त्यांनी अभ्यासलेल्या जिभांमध्ये वाघाचीही जीभ होती. अंग चाटताना गळालेले केस या काट्यांत अडकतात. काट्यांची दिशा घशाकडे असल्याने ते गिळण्यावाचून मांजराला गत्यंतर नसते.

बहुतांश केस विष्ठेवाटे निघून जातात. उरलेले केस मांजर कधीतरी उबळ देऊन ओकून टाकते. अन्ननलिकेतून येताना गोळा दबतो, म्हणून तो गोल नव्हे, तर वातीसारखा लांबट दिसतो. असे क्वचित घडले आणि त्यानंतर मांजर नेहमीप्रमाणे जेवू-खेळू लागले, तर काळजीचे कारण नाही. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांत हे प्रमाण अधिक असते.

विंचरणे हाच उपाय

गळालेले केस पोटात जाण्यापूर्वीच काढून टाकणे, हा सर्वांत सोपा उपाय होय. लांब केसांचे मांजर रोज, तर आखूड केसांचे आठवड्यातून एकदा-दोनदा विंचरावे. केस गळण्याच्या दिवसांत हे प्रमाण वाढवावे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी घरात दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवावे आणि आहारात ओलसर अन्न वाढवावे. शरीरातील पाणी कमी झाल्यास बद्धकोष्ठता बळावते.

मांजर एकाएकी अधिक चाटू लागले, तर पिसवा, त्वचाविकार किंवा ताण यांचा शोध घ्यावा. पिसवांसाठी कुत्र्याचे औषध परस्पर वापरू नये. त्यातील पर्मेथ्रिन मांजराला विषारी ठरते. पातळ पॅराफिन किंवा अन्य तेल बळजबरीने पाजणेही धोक्याचे आहे. ते श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. केसांच्या गोळ्यासाठी मिळणारी पेस्ट पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावी.

केव्हा थांबू नये?

वारंवार उबळ येऊनही काहीच बाहेर न पडणे, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, सतत उलट्या, शौचास न होणे, पोट फुगणे किंवा मलूल पडून राहणे, ही आतड्यात अडथळा निर्माण झाल्याची लक्षणे असू शकतात. गिळलेल्या दोऱ्यामुळेही असेच घडते. दोऱ्याचे टोक बाहेर दिसले, तरी तो ओढू नये. आतडे चिरण्याची भीती असते. मान पुढे ताणून येणारी कोरडी ढास अनेकदा केसांची नसून दम्याची असते.

अडथळा असल्यास क्ष-किरण तपासणी आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. अशा उपचारांसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घ्यायची, तर चंद्रपूरहून सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास आहे. सिरोंचा किंवा भामरागडहून हेच अंतर दुपटीहून अधिक भरते. त्यामुळे 'उद्यापर्यंत वाट पाहू' हा विचार येथे महागात पडू शकतो. लक्षणे दिसताच आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराला दाखवावे आणि पुढे न्यायचे की नाही, हे त्याच दिवशी ठरवावे.