विष की तीव्रता? : चिनी वैद्यकातील ‘दू’ या शब्दाचा अर्थविचार

परंपरागत चिनी वैद्यकाचे ग्रंथ आपल्यापैकी अनेक जण इंग्रजी भाषांतरांतून वाचतात. त्यांत द्रव्याच्या गुणवर्णनात ‘विषारी’ किंवा ‘निर्विष’ असा उल्लेख आढळतो. मूळ चिनीत त्या जागी ‘दू’ हे लेखचिन्ह असते. आधुनिक चिनीत त्याचा अर्थ ‘विष’ असा रूढ आहे. प्राचीन ग्रंथांत मात्र तो याहून व्यापक होता. हा भेद ध्यानी न घेतल्यास ‘निर्विष’ या शब्दावर भलताच विश्वास ठेवला जाण्याचा धोका आहे, असे आम्हांस वाटते.

इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या ‘श्वोवेन ज्येत्झ’ या कोशात ‘दू’चा पहिला अर्थ ‘दाट, घन’ असा दिला असून पुढे मनुष्यास अपाय करणाऱ्या वनस्पतीचा निर्देश आहे. ‘दाओ दे जिंग’च्या ५१ व्या प्रकरणात तर हेच चिन्ह पोसणे वा परिपक्व करणे या अर्थाने आले आहे. ‘झोउ ली’ या ग्रंथात राजवैद्याच्या कर्तव्यांत ‘दू’ औषधांचा संग्रह करणे सांगितले आहे. तेथे केवळ मारक द्रव्ये अभिप्रेत नसून रोगावर जोमाने कार्य करणारी द्रव्ये अभिप्रेत आहेत. सारांश, ‘दू’ म्हणजे प्रथम द्रव्याची तीव्रता. तीच अयोग्य योजनेने घातक होते.

‘शेन्नोंग बेनत्साओ जिंग’ या निघंटूत ३६५ द्रव्यांचे तीन वर्ग केले आहेत. उत्तम वर्गातील १२० द्रव्ये ‘दू’रहित व दीर्घकाळ सेवनयोग्य, मध्यम वर्गातील १२० संमिश्र, तर कनिष्ठ वर्गातील १२५ बहुतांशी ‘दू’युक्त मानली आहेत. ‘दू’युक्त द्रव्य प्रथम राळ्याच्या दाण्याएवढे द्यावे, रोग हटताच थांबवावे, न हटल्यास मात्रा दुप्पट व पुढे दसपट करावी, असा तेथील उपदेश आहे. ‘ह्वांगदी नेईजिंग’ मर्यादा घालून देतो : अतितीव्र द्रव्य रोगाचे दहापैकी सहा भाग जाताच थांबवावे, मध्यम सात, सौम्य आठ, आणि ‘दू’रहित द्रव्यही नऊ भाग जाताच थांबवावे. उरलेला भाग आहाराने दूर करावा. ‘दू’रहित द्रव्यालाही मर्यादा आहे, हे येथे विशेष लक्षणीय होय.

या वर्गीकरणाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. उत्तम वर्गाच्या आरंभीच हिंगुळ आहे! पारदयुक्त द्रव्याचे दीर्घकाळ सेवन आज कोणीही निर्धोक म्हणणार नाही. म्हणून प्राचीन ग्रंथातील ‘दू’रहित ही संज्ञा सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

आपल्या शास्त्राशी येथे साम्य आहे. युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते व अयुक्तीने दिलेले औषधही विष ठरते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत सर्वपरिचित आहे. भेदही आहे. आपल्याकडे ‘विष’ ही लघु, रूक्ष, आशु, व्यवायी, विकासी आदी दहा गुणांनी निश्चित केलेली संज्ञा आहे. ‘दू’ ही मुख्यतः तरतमभावाची संज्ञा आहे. आजच्या चिनी औषधकोशातही अति, मध्यम व अल्प अशा तीन पायऱ्या टिकून आहेत. बचनागाच्याच कुळातील ‘च्वानवू’ हे कच्चे मूळ तेथे अतिविषारी गणले जाते. दीर्घ उकळण्याने त्यातील अकोनिटिनचे विघटन होऊन तीव्रता घटते. आपण गोमूत्रात वा गोदुग्धात वत्सनाभाचे शोधन करतो त्यामागील हेतूही हाच.

व्यवहारात याचा बोध असा. भाषांतरातील ‘निर्विष’ शब्दावरून मात्रा वा सेवनकाल ठरवू नये. औषधालयात अशुद्ध व शोधित बचनाग, कुचला, जेपाळ यांची साठवण निरनिराळी असावी. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना आहे की नाही, हे विक्रीपूर्वी पाहावे. ‘आयुर्वेदीय औषधाने अपाय होत नाही’ असे रुग्ण म्हणाला, तर त्याला मात्रा आणि कालमर्यादा समजावून सांगणे हे आपले कर्तव्यच होय.