मोटारीचा इंधनवापर : गिअरची निवड आणि इंजिनाची गती

प्रस्तावना :

ॲक्सिलरेटर जितका कमी दाबावा तितके इंधन कमी लागते, अशी समजूत मोटार चालविणाऱ्यांमध्ये दृढ आहे. ती सर्वस्वी चुकीची नसली तरी अपुरी आहे. तीच मोटार, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने धावत असतानाही ती कोणत्या गिअरमध्ये आहे यावर तिचा इंधनवापर लक्षणीय बदलतो. आणि पुष्कळदा ॲक्सिलरेटर अधिक दाबलेल्या स्थितीतच तो कमी असतो. वरकरणी विसंगत वाटणाऱ्या या वस्तुस्थितीची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

इंजिनाचा स्वतःवरील खर्च :

सुमारे 1000 किलोग्रॅम वजनाच्या लहान मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर हा वेग टिकविण्यासाठी साधारणतः 4 किलोवॅट, म्हणजे जेमतेम साडेपाच अश्वशक्ती पुरते. हवेचा विरोध आणि टायरचा रोधच काय तो जिंकावयाचा असतो. गिअर कोणताही असो, ही गरज बदलत नाही. बदलते ती इंजिनाची गती. अशा मोटारीचे इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला सुमारे 3000, तर पाचव्या गिअरमध्ये सुमारे 1900 फेरे घेते.

प्रत्येक फेऱ्यात इंजिन काही ऊर्जा स्वतःवरच खर्च करते. दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीशी घासतो, झडपा उघडाव्या लागतात, तेलाचा पंप चालवावा लागतो. पेट्रोल इंजिनात आणखी एका खर्चाची भर पडते. ॲक्सिलरेटर अल्प दाबलेला असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. तिच्या फटीतून हवा ओढताना, तोंडावर बोट धरलेल्या पिचकारीचा दांडा मागे खेचावा, तसे श्रम दट्ट्याला पडतात. 1.2 लिटरच्या इंजिनाचा ढोबळ हिशेब मांडल्यास हा अंतर्गत व्यय 3000 फेऱ्यांना सुमारे 4 किलोवॅट, तर 1900 फेऱ्यांना सव्वादोन किलोवॅटच्या आसपास भरतो. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये मोटार पुढे नेण्यास जितकी शक्ती लागते, तितकीच इंजिन नुसते फिरत ठेवण्यात खर्ची पडते! पाचव्या गिअरमध्ये एकूण भार 8 वरून सव्वासहा किलोवॅटवर येतो आणि सुमारे पाचवा हिस्सा इंधन वाचते. डिझेल इंजिनात हवा सहसा थ्रॉटलने अडविली जात नसल्यामुळे हा लाभ काहीसा कमी असतो, इतकेच.

मात्र गती उतरविण्यास मर्यादा आहे. चढावर वरच्या गिअरचा हट्ट धरल्यास इंजिन गचके देते, पेट्रोल इंजिनात ठोके ऐकू येतात आणि ज्वलन बिघडते. तेथे खालचा गिअर घेणे ही उधळपट्टी नव्हे.

उतार आणि न्यूट्रल :

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. गिअरमध्ये उतरतानाही कार्ब्युरेटर इंजिनाला पेट्रोल पुरवीतच असे. त्यामुळे त्या काळी या युक्तीत तथ्य होते. 2000 सालाच्या आसपास भारतीय मोटारींत इंधन-अंतःक्षेपण प्रणाली रूढ झाली आणि हिशेब उलटला. गिअर न काढता ॲक्सिलरेटर सोडल्यास, इंजिनाची गती पुरेशी असेपर्यंत, ही प्रणाली इंधनाचा पुरवठाच बंद करते. चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधील गाडी अधिक दूर घरंगळेल, हे खरे. परंतु ब्रेक लावावे लागतील अशा उतारावर या युक्तीने काहीच वाचत नाही.

गमवावे लागते ते इंजिनाचे रोधन, आणि तेही सर्वाधिक गरजेच्या क्षणी. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यातील नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. अवजड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन थांबले की टाकीत साठलेली हवा तेवढी उरते, व ब्रेकच्या प्रत्येक दाबासरशी तीही घटत जाते.