सी ड्राइव्ह फुल झालाय? रिसेट मारण्याआधी हे ऐका

आजचा विषय छोटा आहे, पण यात लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो जातात. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की कुणीतरी सांगतंच, "रिसेट मार, नव्यासारखा होईल." गंमत अशी, की रिसेट करायलाच जागा लागते.

का लागते? विंडोज 10 आणि 11 मधलं 'रिसेट धिस पीसी' जुनी सिस्टिम आधी पुसत नाही. ती तशीच ठेवून शेजारी नवी विंडोज उभी करतं आणि मग अदलाबदल करतं. मध्येच काही बिघडलं तर मागे फिरता यावं, हा हेतू. म्हणूनच 32 जीबी स्टोरेजच्या स्वस्त लॅपटॉपवर बरेचदा 'पुरेशी जागा नाही' असा मेसेज येतो. त्यात 'क्लाउड डाउनलोड' निवडलंत, तर साधारण 4 जीबी किंवा जास्तच डेटा खाली उतरतो. जागा कमी असेल तर 'लोकल रिइन्स्टॉल' बरं.

दुसरी गोष्ट. 'कीप माय फाइल्स' निवडलं की तुमच्या फाइल्स राहतात, टाकलेले प्रोग्रॅम जातात. म्हणजे जागा फोटो-व्हिडिओंनी खाल्ली असेल, तर रिसेट करूनही हाती फारसं काही लागत नाही. म्हणून आधी बघा, जागा खातंय कोण. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे 'टेम्पररी फाइल्स'मध्ये रिसायकल बिन, अपडेटचा कचरा, कधी जुन्या विंडोजची अख्खी प्रत सापडते. ती एकटीच कित्येक जीबी असते. फक्त त्या यादीत 'डाउनलोड्स' पण असतं. तिथे टिक करण्याआधी आत काय आहे ते बघा.

एवढं करूनही भागलं नाही, तर पेनड्राइव्हवरून कोरी विंडोज टाका. किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

आता सगळ्यात नाजूक जागा. इन्स्टॉल करताना पार्टिशनची यादी दिसते, पण तिथे 'सी' आणि 'डी' अशी नावं नसतात. नुसते नंबर आणि साइज. अंदाजाने डिलीट दाबलं की डी ड्राइव्हवरचा डेटा गेला म्हणून समजा. त्यामुळे दोन्ही ड्राइव्हची साइज आधीच कागदावर लिहून ठेवा.

आणि बॅकअप! एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केलं, एवढ्यावर थांबू नका. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फाइल्स उघडून बघा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की पण जवळ ठेवा.

रिसेटने सिस्टिम ताजी होते, डिस्क मोठी होत नाही. चला, भेटू पुढच्या भागात!