विश्लेषण : युरोपीय ‘डेली’च्या काउंटरवर काय पाहावे? सोलापूरच्या कडक भाकरीला त्यातून काय शिकता येईल?

सोलापूरहून पुण्या-मुंबईला निघालेल्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठरलेलीच. परतीच्या पिशवीत मात्र हल्ली चीजचा तुकडा, ऑलिव्हची बरणी, पास्त्याचे पाकीट दिसते. असा माल ठेवणाऱ्या दुकानांना मोठ्या शहरांत ‘डेली’ किंवा ‘गोर्मे स्टोअर’ म्हणतात. सोलापूरकराची गाठ बहुधा सुपरमार्केटमधल्या अशाच एखाद्या कप्प्याशी पडते. भाव चढे, नावे अनोळखी आणि लेबल बारीक अक्षरांत. तिथे काय पाहावे, जादा पैसे नेमके कशाचे मोजतो आणि आपल्या जिल्ह्यातल्या खास पदार्थांना त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

‘डेली’ म्हणजे नेमके काय?

‘डेलिकाटेसन’ या जर्मन शब्दाचे हे लघुरूप. अर्थ : निवडक, चवीचे खाद्यपदार्थ. जर्मनी आणि पूर्व युरोपातून गेलेल्या स्थलांतरितांनी, त्यातही ज्यू कुटुंबांनी, हा शब्द अमेरिकेत नेला आणि तिथे तो ‘डेली’ झाला. न्यूयॉर्कचे ‘कॅट्झ’ हे १८८८ पासूनचे दुकान आजही सुरू आहे. इटलीत मिलानचे ‘पेक’ त्याहून जुने, १८८३ चे. अशा दुकानात काचेमागे चीजच्या चकत्या, खारवलेले आणि धुरावलेले मांस-मासे, मुरवलेले ऑलिव्ह आणि लोणची असतात. यातले बहुतेक पदार्थ टिकवण्याच्या गरजेतून जन्माला आले आहेत. दूध टिकत नाही म्हणून चीज, मांस टिकत नाही म्हणून मीठ आणि धूर. ग्राहकासमोर हवे तेवढे कापून देणे आणि घेण्याआधी चाखायला देणे, ही या दुकानांची जुनी रीत.

महाराष्ट्रात अशी दुकाने कुठे आहेत?

मुंबईत १८६९ साली उभे राहिलेले क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, परदेशी डबे, चॉकलेट आणि चीजसाठी पूर्वीपासून ओळखीची. पुण्यात कॅम्पातील ‘दोराबजी’ हे या मालाचे जुने ठिकाण, तर ‘एबीसी फार्म्स’ने पुण्यातच निरनिराळ्या प्रकारची चीज तयार करायला सुरुवात केली. गोदरेज समूहाने २००५ मध्ये ‘नेचर्स बास्केट’ ही साखळी काढली, ती २०१९ मध्ये ‘स्पेन्सर्स’ने विकत घेतली. गेल्या काही वर्षांत मात्र आयात मालाइतकीच चर्चा इथे बनणाऱ्या चीजची आहे. मुंबईच्या ‘एलेफ्थेरिया’ या छोट्या उद्योगाच्या ‘ब्रुनोस्ट’ चीजला २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. ब्रुनोस्ट मूळ नॉर्वेचे. चीज करताना निघालेले पाणी आटवत आटवत तपकिरी, गोडसर गोळा होईपर्यंत शिजवायचे, ही त्याची कृती. ज्याने खवा आटवताना पाहिला आहे, त्याला ती लगेच समजेल.

चीज घेताना काय वाचावे?

पहिला शब्द ‘प्रोसेस्ड’. दुधाला विरजण आणि रेनेट लावून, पाणी काढून, मुरवून होते ते चीज. तेच चीज किसून, क्षार मिसळून, गरम करून पुन्हा साच्यात ओतले की ‘प्रोसेस्ड चीज’. चौकोनी वड्या आणि सँडविचच्या चकत्या बहुतेक याच प्रकारातल्या. त्यात गैर काही नाही. पण मुरलेल्या चीजचा भाव त्याला देऊ नये. दुसरा शब्द ‘अ‍ॅनालॉग’. दुधातली स्निग्धता काढून तिच्या जागी वनस्पती तेल घातलेला पदार्थ चीज किंवा पनीर या नावाने विकता येत नाही, लेबलवर तसे स्पष्ट लिहावे लागते. म्हणून पाकिटाच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची घटकांची यादी महत्त्वाची. त्यात वनस्पती तेल असेल, तर ते चीज नव्हे.

तिसरी गोष्ट शाकाहारी ग्राहकासाठी. दूध घट्ट करणारे रेनेट युरोपात परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. भारतीय अन्न सुरक्षा मानकांतील चीजच्या व्याख्येत मात्र प्राण्यांपासून न मिळवलेले रेनेट अपेक्षित आहे. त्यामुळे चौकटीतला हिरवा ठिपका पाहणे हा साधा आणि पुरेसा उपाय. ठिपका नसलेले, आयातदाराचे नाव-पत्ता नसलेले किंवा केवळ परदेशी भाषेतले वेष्टन असेल तर ते न घेतलेलेच बरे. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही वेष्टनावर असायला हवा. तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवर मोबाइलमधूनच तपासता येतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. पुण्याहून रेल्वेने आणताना मुरलेले, कडक चीज तग धरते. पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेला धरत नाही. बर्फाची पिशवी सोबत नसेल तर मऊ चीज घेऊ नये. तुकडा कापून घेतला असेल तर तो कधी कापला, हे दुकानातच विचारावे. घरी आल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे.

ऑलिव्ह तेलाची कोणती बाटली?

‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे उष्णता आणि रसायनांशिवाय, नुसते दाबून काढलेले तेल. त्यातील मुक्त आम्लाचे प्रमाण ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ‘पोमेस’ म्हणजे ते तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून मिळवलेले आणि मग शुद्ध केलेले तेल. बाटलीवरचे ऑलिव्हचे चित्र दोन्हीकडे सारखेच असते, माल मात्र सारखा नसतो. ‘लाइट’ हा शब्दही फसवा. तो रंग आणि वासाबद्दल आहे; उष्मांक तितकेच.

या बाबतीत सोलापूरच्या ग्राहकाला खरे तर कोणी शिकवायला नको. ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी लावण्याची पद्धत इथल्या शेतात जुनी आहे. घाण्याचे करडई तेल आणि रिफाइंड तेल यांतला फरक घरातल्या आजीला वासावरून कळतो. एक्स्ट्रा व्हर्जिन आणि पोमेस यांतला फरकही त्याच जातीचा आहे.

जादा पैसे नेमके कशाचे?

‘पार्मिजानो रेजानो’चे उदाहरण घेऊ. हे चीज इटलीत पार्मा, रेजिओ एमिलिया, मोडेना आणि बोलोन्या व मांतुआ यांच्या काही भागांतच बनवता येते. सुमारे ४० किलोच्या एका चाकासाठी साधारण ५५० लिटर दूध लागते. ते किमान १२ महिने मुरावे लागते. त्यानंतर तपासनीस छोट्या हातोडीने प्रत्येक चाक ठोकून त्याचा आवाज ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. पास झालेल्या चाकावर डागणी होते, नापास चाकावरची नावाची खूण काढून टाकली जाते. प्रत्येक चाकावर दुधातल्याच प्रथिनापासून केलेली, क्रमांक असलेली पट्टी असते. उत्पादकांचा संघ १९३४ पासून हे नाव राखतो आहे.

युरोपीय संघाने १९९२ मध्ये अशा नावांना कायद्याचे संरक्षण दिले. ‘पार्मिजान’ हा शब्दही मूळ संरक्षित नावाचीच आठवण करून देतो, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. २००२ मध्ये ‘फेटा’ हे नाव फक्त ग्रीसच्या चीजसाठी राखीव झाले. अमेरिकेत मात्र ‘पार्मिजान’ कोणीही बनवू आणि विकू शकतो. म्हणजे नुसते नाव वाचून काही कळत नाही. नावामागे तपासणी आहे का, हे पाहावे लागते. जादा पैसे दुधाचे असतात, वेळेचे असतात आणि या तपासणीचे असतात.

मग सोलापूरची ‘डेली’ कोणती?

नवी पेठ असो की मंगळवार पेठ, कडक भाकरी आणि चटण्या विकणारे दुकान पाहिले की डेलीची व्याख्या तिथे लागू पडते. कडक भाकरी पातळ थापून भाजतात आणि मंद आचेवर पाण्याचा अंश जाईपर्यंत वाळवतात. म्हणून ती दिवसेंदिवस टिकते. दुधातले पाणी काढले की चीज, भाकरीतले पाणी काढले की कडक भाकरी. शेंगाचटणी उखळात कुटली की दाण्याचे तेल सुटते आणि ती ओलसर राहते. मिक्सरमधून भरभर काढली की कोरडा भुगा होतो. सीमेपलीकडे कलबुर्गी-विजापूरकडेही ज्वारीची कडक रोटी आणि शेंगादाण्याची चटणी हीच जोडी आहे. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या या शहराच्या ताटात ती सगळ्यांची आहे. चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन चव पाहायची आणि मग पावशेर सांगायची, ही रीतही मिलानच्या काउंटरपेक्षा वेगळी नाही.

फरक पडतो तो पुढे. चटणी कुठल्या शेंगादाण्याची, भाकरी कुठल्या ज्वारीची, कोणत्या दिवशी केलेली, हे पुडक्यावर लिहिलेले असतेच असे नाही. भाकरीसाठी रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पसंत केला जातो. खरिपाची ज्वारी कणसात पावसाने भिजून काळी पडण्याचा धोका असतो. पण भाकरी झाली, वाळली आणि पुडक्यात गेली की पीठ कशाचे होते, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

‘मालदांडी’ आणि ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ एकच का?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. मालदांडी हे वाणाचे नाव आहे. मंगळवेढा हे ठिकाणाचे. मालदांडीचे बियाणे महाराष्ट्र-कर्नाटकात कुठेही पेरता येते. मंगळवेढ्याची खोल काळी जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि हिवाळ्यातले दव मात्र कुठे नेता येत नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी इथलीच धान्याची कोठारे उघडली, अशी परंपरा सांगते. ज्वारीचे कोठार ही या तालुक्याची ओळख इतकी जुनी आहे.

भौगोलिक मानांकनाचा भारतीय कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला आणि पहिला मान दार्जिलिंग चहाला मिळाला. सोलापुरी चादर त्या यादीत लवकर आली. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब यांना २०१६ मध्ये मानांकन मिळाले. नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. हे नाव वापरण्यासाठी उत्पादकाने ‘प्राधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. दुकानातल्या पोत्यावर ‘मालदांडी’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ मंगळवेढ्याची ज्वारी असा होत नाही. इटलीतल्या संघाची ताकद नाव मिळवण्यात जेवढी आहे, त्याहून जास्त नापास मालावरचे नाव उतरवण्यात आहे. आपल्याकडे मानांकनाचे प्रमाणपत्र मिळाले की सत्कार होतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

ग्राहकाच्या आणि विक्रेत्याच्या हाती काय?

ग्राहकाने चार प्रश्न विचारावेत, मग समोर चीज असो की भाकरी. कुठला माल? कोणी केला? कधी केला? नावाला आधार काय? चीजच्या बाबतीत उत्तर लेबलवर शोधावे. ज्वारीच्या बाबतीत मानांकनाची खूण आणि शेतकरी गटाचे नाव मागावे. वेष्टनावरची माहिती खोटी वाटली किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

विक्रेत्यांसाठीही यात मोठा खर्च नाही. घरगुती उद्योग आणि बचत गटांनी अन्न नोंदणीचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, ज्वारीचा वाण आणि गाव एवढे चार तपशील पुडक्यावर छापले, तरी पुण्याच्या दुकानातल्या काचेमागे ते पुडके ताठ मानेने उभे राहील. भाकरी थापणाऱ्या बाईला मग तिच्या हाताचा भाव मागता येईल. युरोपातल्या गवळ्याला त्याच्या चीजचा भाव मिळतो, कारण कोणाचे दूध आणि कोणते गाव हे विकत घेणाऱ्याला माहीत असते. पुढच्या वेळी पिशवी भरताना हे प्रश्न आधी आपल्याच पेठेत विचारून पाहायला हरकत नाही.