विदर्भ (नाव)

विदर्भ हे महाराष्ट्राच्या पूर्व भागाचे प्रचलित नाव आहे. नागपूर व अमरावती या दोन महसुली विभागांतील एकूण ११ जिल्ह्यांचा त्यात समावेश होतो. नाव प्राचीन असले, तरी या संपूर्ण प्रदेशासाठी त्याचा आजचा वापर मुख्यतः विसाव्या शतकात रूढ झाला.

व्युत्पत्ती

'वि' म्हणजे विरहित आणि 'दर्भ' म्हणजे एक प्रकारचे गवत. त्यावरून 'जेथे दर्भ उगवत नाही तो देश' असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. पुराणांत हे नाव विदर्भ नावाच्या यादव राजाशी जोडलेले आहे. महाभारतातील दमयंती आणि श्रीकृष्णाची पत्नी रुक्मिणी या दोघी विदर्भाच्या राजकन्या असल्याने दोघींनाही 'वैदर्भी' म्हटले जाते. संस्कृत काव्यशास्त्रातील 'वैदर्भी रीती' ही संज्ञाही याच देशनामावरून आली.

वऱ्हाड आणि विदर्भ

मध्ययुगात राज्यकारभारात 'वऱ्हाड' हे नाव प्रचलित होते. हा शब्द 'विदर्भ'चा अपभ्रंश असल्याचे काही जण मानतात, तर काही जण तो 'वरदातट', म्हणजे वर्धा नदीचा काठ, यावरून आल्याचे सांगतात. इंग्रजी अमलात अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे चार जिल्हे वऱ्हाडात होते. नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे जिल्हे मध्य प्रांतात मोडत. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. तरी या आठ मराठी जिल्ह्यांना सामावणारे एक नाव शासकीय व्यवहारात नव्हते. ती उणीव 'विदर्भ' या नावाने भरून काढली. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने हेच नाव स्वीकारले. ब्रिजलाल बियाणी 'विदर्भ केसरी' म्हणून ओळखले जात.

आजचा वापर

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. १९५६ साली हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. त्यामुळे 'विदर्भ' हा शब्द भूगोलाइतकाच वेगळ्या राज्याच्या मागणीचाही वाचक ठरतो. विदर्भ एक्सप्रेस ही रेल्वेगाडी आणि रणजी करंडक जिंकणारा विदर्भाचा क्रिकेट संघ यांमुळे हे नाव रोजच्या बोलण्यात आहे.

येथील रहिवाशांसाठी 'वैदर्भीय' हे विशेषण योग्य होय. सर्वांना सरसकट 'वऱ्हाडी' म्हणणे अचूक नाही. वऱ्हाडी ही प्रामुख्याने पश्चिम विदर्भाची बोली असून, पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत झाडीबोली बोलली जाते.