हलक्या गाडीला कोणता टायर?

संत्र्याच्या हंगामात शेंदूरजनाघाट, वरूड, मोर्शी या भागातील रस्त्यांवर मालाने भरलेल्या गाड्यांची वर्दळ असते. अशा गाडीच्या चालकाला विचारा, "टायर कसा असावा?" तो म्हणेल, "दणकट!" त्याच्या गाडीपुरते हे उत्तर बरोबर आहे. पण समजा, याच रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या दोन आसनांच्या हलक्या स्पोर्ट्स कारचे टायर झिजले आहेत. तिलाही तोच दणकट टायर चालेल काय?

चालणार नाही. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात हे तुम्हाला ठाऊक असेल. खुंट निवडताना तो जमिनीला मानवतो की नाही हे पाहावे लागते. टायरचेही तसेच आहे. तो नुसता चांगला किंवा वाईट नसतो. गाडीचे वजन, रस्ता आणि हवामान यांना तो मानवला पाहिजे.

हलकी स्पोर्ट्स कार ही काही केवळ परदेशातली वस्तू नव्हे. सॅन स्टॉर्म नावाची अशी गाडी आपल्या शेजारी गोव्यात बनत असे. तिचे अंग पत्र्याऐवजी फायबरग्लासचे होते आणि रेनॉ कंपनीचे इंजिन जेमतेम ११५० घन सेंटिमीटरचे होते. अशा गाडीची चपळाई मोठ्या इंजिनातून येत नाही, तर कमी वजनातून येते. मग तिचे टायर निवडताना सुरुवातही वजनापासूनच करू या.

चार तळहातांवर उभी गाडी

समजा, दोन माणसांसह गाडीचे वजन ९०० किलोग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी २२५ किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये ३० पौंड हवा आहे. (येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा पौंडांतील दाब.) हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम होतो. भाराला दाबाने भागले की टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ अंदाजे मिळते: २२५ भागिले २.१, म्हणजे सुमारे १०७ चौरस सेंटिमीटर. तुमच्या तळहाताएवढे! गाडीचे वळणे, थांबणे आणि आतल्या माणसांचे प्राण हे सारे अशा चार तळहातांवर अवलंबून असते.

आता मालाची गाडी पाहा. तिच्या मागच्या एका चाकावर ९०० किलोग्रॅम भार आला, तर तो पेलण्यासाठी टायरमध्ये दुप्पट हवा भरावी लागेल आणि ती सांभाळायला टायरचे अंगही जाड लागेल. हाच टायर हलक्या गाडीला बसवला तर काय होईल? त्याला दबवण्याइतका भारच गाडीत नाही. खड्डा आला की टायर दबून धक्का गिळण्याऐवजी उडेल. आणि तो हवेत असेल तेवढा वेळ त्याची रस्त्यावरची पकड शून्य! शिवाय अशा टायरचे रबर झीज कमी व्हावी म्हणून कठीण ठेवलेले असते. हलक्या गाडीला रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसणारे मऊ रबर हवे असते. ते लवकर झिजते खरे. पण गाडीचे वजनच कमी असल्यामुळे ही झीज परवडते.

रुंद टायरचा मोह

"मग रुंद टायर घालावा, म्हणजे जास्त रबर रस्त्याला लागेल," असे पुष्कळांना वाटते. पण आपले गणित पुन्हा पाहा. भार तोच, दाब तोच, तर क्षेत्रफळही जवळजवळ तेच राहणार. बदलतो तो आकार: टेकणारा भाग आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर याचा थोडा फायदा मिळतो. पावसात मात्र रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते.

पाणी सारायला वेळ पुरला नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग सुकाणू फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधकांनी विमानांच्या टायरसाठी एक ढोबळ सूत्र मांडले आहे. हवेच्या दाबाच्या (पौंडांतील) वर्गमुळाला १६.७ ने गुणले की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३६ पौंडांना हा वेग सुमारे १०० येतो, तर २५ पौंडांना सुमारे ८३. मोटारीच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा दाखवते. हलक्या गाडीत हवा बहुधा कमी दाबाने भरतात, म्हणून तिला साचलेल्या पाण्याची भीती जास्त. तिच्या टायरवर खोल, मोकळ्या खाचा हव्यात. शर्यतीसाठी बनवलेला, जवळजवळ गुळगुळीत टायर कोरड्या मैदानावर उत्तम. आपल्या जुलै महिन्यात तो घातक ठरेल. आपल्या मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये. पण ही शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यापूर्वीच टायर बदलणे शहाणपणाचे.

टायरवरची अक्षरे

टायरच्या कडेवर "१६५/६५ आर १३ ७७ टी" अशा अर्थाची खूण असते. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी. पुढचे ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल रचना आणि १३ हा चाकाच्या धातूच्या कड्याचा इंचांतील व्यास. ७७ हा भारांक आहे. तो सांगतो, की हा टायर ४१२ किलोग्रॅम पेलेल. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. पूर्वीच्या टायरपेक्षा कमी भारांक किंवा कमी वेगाचे अक्षर घेऊ नये.

आता एक उदाहरण सोडवू. या टायरचा पूर्ण व्यास किती? कडेची उंची १०७.२५ मिलिमीटर, तिची दुप्पट २१४.५. त्यात १३ इंचांचे ३३०.२ मिलिमीटर मिळवा. उत्तर ५४४.७. त्याऐवजी १७५/७० आर १३ बसवला तर व्यास ५७५.२ होतो, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगमापक चाकाचे फेरे मोजत असतो. त्यामुळे पूर्वी अचूक असलेला काटा १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०५ च्या वर धावत असेल! याउलट १७५/६० आर १३ चा व्यास ५४०.२, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. तो टायर कड्यावर नीट बसत असेल आणि त्याचा भारांक पुरेसा असेल, तर तो चालू शकेल.

वय आणि ऊन

हौसेची गाडी बहुधा झाकून ठेवलेली असते. तिच्या टायरच्या खाचा नव्यासारख्या दिसतात, पण हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन रबराला आतून कडक करीतच असतात. म्हणून खाचांबरोबर जन्मतारीखही पाहावी. कडेवरील चार आकडे ती सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बारीक भेगा दिसल्या तर खाचा कितीही खोल असोत, टायर बाद समजावा.

उन्हाळ्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि डांबर त्याहून तापते. "उन्हाळ्यात हवा कमी भरावी, म्हणजे टायर फुटणार नाही," असा समज सर्वत्र आहे. तो अगदी उलटा आहे. सकाळी २५ अंशांना भरलेली ३० पौंड हवा टायर ६५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ३६ पौंड होते. (गणित करताना वातावरणाचे १५ पौंड मिळवायला आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायला विसरू नका.) एवढी वाढ टायर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलीच असते. हवा कमी असली तर मात्र टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि शेवटी टायर फुटतो. अमरावती जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जेथे मोटारी तासन्‌तास वेगाने धावतात, हा धोका आणखी वाढतो. म्हणून हवा टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबानेच भरावी. आणि तापलेल्या टायरमधून ती कधी सोडू नये.

एक शेवटची गोष्ट. दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे बसवावी. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागचे घसरले तर ती गर्रकन फिरते.

सायकलवर हा प्रयोग करून पाहा. मागच्या टायरला शाई लावा, मित्राला सायकलवर बसवा आणि चाक आलेख कागदावर सावकाश टेकवा. ठशाचे चौरस मोजा आणि हवेच्या दाबाने गुणा. मागच्या चाकावरचा भार अंदाजे मिळेल. मग थोडी हवा सोडून प्रयोग पुन्हा करा आणि ठसा किती वाढला ते वहीत लिहा. शेवटी घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरील चार आकडे वाचा. टायर फार जुना निघाला, तर घरच्या मोठ्यांना आजच सांगा.