शिंक्यातल्या कुंडीचे पाणी

श्रोतेहो, मे महिन्यात नागपूरच्या सक्करदऱ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जमिनीवरची कुंडी तग धरते; शिंक्यातली मात्र दुपारीच मान टाकते. असे का? तिच्यात माती थोडी, आणि गरम वारा तिला चहूबाजूंनी लागतो.

म्हणून सकाळी मातीत पेरभर बोट खुपसून पाहा. कोरडे लागले, तर तळातून ठिबकेपर्यंत पाणी द्या. माती पार वाळली, की कडेने फटी पडतात. वरून घातलेले पाणी तसेच निसटून जाते. तेव्हा कुंडी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी घालू नका; त्यात क्षार साठतात.

गुरुजींनी शाळेत दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात, एक खाली, एक टांगलेली. पाणी सारखेच द्यावे. आधी कोणती सुकते, ते मुलेच सांगतील.